नॉनस्टिक आणि प्लास्टिक कमी केल्याला नऊ महिने झाले: माझा अनुभव

गेल्या नऊ महिन्यांत मी नॉनस्टिक भांडी आणि गरम अन्नाला लागणारं प्लास्टिक स्वयंपाकघरातून हळूहळू काढलं. त्या जागी बिडाचा तवा, स्टीलची कढई आणि काचेचे डबे आले. अशा बदलांबद्दल पहिल्या आठवड्याच्या उत्साहात लिहिलेलं बरंच वाचायला मिळतं. खऱ्या अडचणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळतात, म्हणून मुद्दाम थांबले.

सुरुवात नॉनस्टिक तव्यापासून झाली. मध्यभागी लेप निघालेला आणि माझी सवय अशी की रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवायचा नि दुसऱ्या कामाला लागायचं. मला भीती वाटायची ती लेपाचे कण पोटात जाण्याची. ते कण शरीरात शोषले जात नाहीत, जसेच्या तसे बाहेर पडतात. खरा धोका आचेत होता. हा लेप पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा असतो. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर तो खराब व्हायला लागतो आणि ३५० च्या पुढे त्याचं विघटन होऊन विषारी वायू सुटतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथवर पोहोचू शकतो. या वायूंनी घरातले पाळीव पक्षी दगावतात, माणसाला तापासारखी लक्षणं होतात. पीएफओए हे रसायन वेगळं. ते लेप तयार करताना वापरलं जायचं. २०१९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आलं आणि २०२३ मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तयार तव्यात ते जवळपास उरत नाही, पण कारखान्यांच्या आसपासच्या पाण्यात आणि मातीत टिकून राहतं. मला ते कारणही पुरेसं वाटलं.

बिडाच्या तव्यानं पहिला महिना रडवलं. अंडं टाकलं की चिकटायचं, खरवडलं की काळा थर निघायचा. चूक माझी होती: मी तेल जास्त लावत होते. तव्याचा गुळगुळीत थर म्हणजे तापून घट्ट झालेलं तेलच असतं, आणि तो अगदी पातळ थरांनीच चढतो. जाड लावलं की चिकट डाग पडतात. आता तेल लावून तवा कोरड्या फडक्यानं पुसते, तेल उरलंच नाही असं वाटेपर्यंत, आणि मग तापवते. चौथ्या महिन्यात ऑम्लेट आपोआप सुटायला लागलं. टोमॅटो किंवा कुठलंही आंबट मात्र त्यात शिजवत नाही. थर जातो, चवीला लोखंड येतं. त्याला स्टीलची कढई. अन्नात उतरणारं थोडं लोह बहुतेकांना चालतं, पण ज्यांच्या शरीरात लोह साठण्याचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं. वजन ही खरी तक्रार आहे. मनगट दुखत असेल तर हा तवा घेऊ नका.

प्लास्टिकचे सगळे डबे फेकले नाहीत. कोरडं धान्य त्यातच आहे. उष्णता आणि तेलकटपणा एकत्र आले की प्लास्टिकमधली रसायनं अन्नात जास्त उतरतात, म्हणून गरम, तेलकट आणि मायक्रोवेव्हमध्ये जाणारं तेवढं काचेत हलवलं. ‘बीपीए नाही’ असं लिहिलेले नवे डबे घ्यायचा मोह झाला होता (बीपीए म्हणजे काही कडक प्लास्टिक बनवताना वापरलं जाणारं, शरीरातल्या संप्रेरकांसारखं वागणारं रसायन). युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१२ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून बीपीए हद्दपार झालं, पण अनेक वस्तूंत त्याच्या जागी आलेलं बीपीएस हे त्याच घराण्यातलं आहे. त्यामुळे नाव बदललेलं प्लास्टिक घेण्यात मला अर्थ वाटला नाही. काचेचा त्रासही सांगते: फ्रीजमधून काढलेला डबा थेट गरम ओव्हनमध्ये ठेवला आणि तडकला. सगळं अन्न टाकावं लागलं. शिवाय झाकणं प्लास्टिकचीच असतात, म्हणून डबा काठोकाठ भरत नाही आणि झाकण न लावता गरम करते.

सगळ्यांत मोठा फरक ज्या गोष्टीनं पडला ती विकत घ्यावीच लागली नाही. हवेतले सूक्ष्म कण मोजणारं छोटं यंत्र एका मैत्रिणीकडून आणलं होतं. तळताना आकडा काही मिनिटांत कित्येक पटींनी चढला आणि शेजारच्या खोलीतही तसाच चढत गेला. एक्झॉस्ट पंखा माझ्याकडे होताच, आवाजामुळे लावत नव्हते. आता गॅस पेटवायच्या आधी लावते आणि स्वयंपाकानंतर पंधरा मिनिटं चालू ठेवते. फक्त तुमचा पंखा धूर खरंच बाहेर टाकतो का ते पाहा. शेगडीवर बसवायच्या काही किचन चिमण्या धूर गाळून परत घरातच सोडतात.

बुरशी लागलेले शेंगदाणे मी आधी निवडून, भाजून वापरायचे. ते पूर्ण बंद केलं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. हे विष यकृताचा कर्करोग घडवतं आणि घरच्या भाजण्या-शिजवण्यानं पूर्ण नष्ट होत नाही. आता शंका आली की सगळे टाकते. इथे काटकसर नको.

पिण्याच्या पाण्याचंही पाहिलं. जुन्या नळांतून पाण्यात उतरणारं शिसं पाणी उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. जुन्या नळजोडणीच्या घरात राहणाऱ्यांनी रात्रभर साचलेलं पाणी आधी वाहू द्यावं आणि स्वयंपाकाला गार पाण्याचाच नळ वापरावा. एकदा पाण्याची तपासणी करून घेतली तर उत्तम.

तब्येतीत काय फरक पडला, असं विचारतात. खोकल्याची ढास कमी झाली, पण ती पंख्यामुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बाकी काही जाणवलं नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती. ‘शरीर शुद्ध करणारी’ पेयं आणि पावडरी मात्र घेतल्या नाहीत. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतातच.

इलेक्ट्रिक किटली अजून आतून प्लास्टिकचीच आहे. रोज उकळतं पाणी तिच्यातच असतं, त्यामुळे खरं तर ती सगळ्यांत आधी बदलायला हवी होती. पुढची खरेदी तीच, आतून पूर्ण स्टीलची.