सुप्रिया केळकर यांची ‘अहिंसा’: अमेरिकेतील मुलांपुढे आलेले १९४२ साल

अमेरिकेत मुलांसाठी निघणाऱ्या पुस्तकांत आपल्याकडचे मूल आजही क्वचितच भेटते, आणि भेटलेच तर बहुधा सणासुदीच्या चित्रांपुरते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालसाहित्य केंद्राने २०१८ मधील पुस्तकांची मोजदाद केली, तेव्हा आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरील वंशाची मुख्य पात्रे जेमतेम ७ टक्के पुस्तकांत आढळली. प्राण्यांच्या वाट्याला मात्र २७ टक्के पुस्तके आली होती. त्याच्या आदल्या वर्षी ‘ली अँड लो’ या प्रकाशनसंस्थेने आपल्या ‘टू बुक्स’ या शाखेतर्फे काढलेली सुप्रिया केळकर यांची ‘अहिंसा’ ही इंग्रजी कादंबरी म्हणूनच मला मोलाची वाटते.

कथेत १९४२ साली गांधीजी प्रत्येक घरातून एक माणूस चळवळीसाठी मागतात. दहा वर्षांच्या अंजलीला वडिलांची काळजी वाटते. पण घराबाहेर पडते ती आई. आवडते परदेशी कपडे जातात, खादी येते, आणि आई दलित वस्तीकडे वळते तेव्हा अंजलीला स्वतःच्या मनातल्या शिवाशिवीशी झगडावे लागते. या पुस्तकाचे खरे बळ इथे आहे. परक्या देशातील वाचकांपुढे आपला समाज केवळ गोड करून मांडण्याचा मोह लेखिकेने टाळला आहे. इंग्रजांचा अन्याय जितका स्पष्ट दिसतो तितकाच घरातला भेदही दिसतो, आणि सुधारणा करू निघालेल्या चांगल्या माणसांनाही ‘हरिजन’ या शब्दाबद्दल दलितांचा आक्षेप ऐकून घ्यावा लागतो.

कादंबरीची प्रेरणा लेखिकेच्या पणजी अनसूयाबाई काळे यांची आहे. नागपूरच्या या कार्यकर्त्या पुढे लोकसभेवर निवडून गेल्या, आणि १९४२च्या आंदोलनातील आष्टी-चिमूर खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी त्यांनी केलेली धडपड विदर्भात आजही आदराने सांगितली जाते. म्हणूनच कथेचे गाव काल्पनिक ठेवल्याची मला हळहळ वाटते, कारण विदर्भाची माती आणि बोली आली असती, तर अंजलीचे जग अधिक घट्ट झाले असते. संडास साफ करणारा मोहन हे माझ्या मते सर्वांत जिवंत पात्र आहे. परंतु सारी कथा सुखवस्तू घरातील मुलीच्या नजरेतून येत असल्यामुळे त्याचे घर, त्याची माणसे आणि त्याचा राग वाचकाला पुरेसा कळत नाही.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना हे पुस्तक जरूर द्यावे. त्यात दंगल आणि तुरुंग आहे, म्हणून लहानांनी ते पालकांसोबत वाचलेले बरे. जातीविषयी मुले जे प्रश्न विचारतील, त्यांची सरळ उत्तरे देण्याची तयारी मात्र पालकांनी आधी करावी.