प्रायमरी क्लॅरिफायर ठेवायचा की थेट एसबीआर? दोन्हीकडे राबलेल्याचं मत

समजा सांडपाणी शुद्ध करायचा 25-30 एमएलडीचा (रोज अडीच-तीन कोटी लिटर) प्लांट करायचाय आणि कन्सल्टंट म्हणतोय प्रायमरी क्लॅरिफायर (गाळ खाली बसवायची पहिली टाकी) नको, डायजेस्टर (गाळ हवेशिवाय कुजवून गॅस काढायची बंद टाकी) तर नकोच, स्क्रीन-ग्रिट (कचरा नि वाळू काढणं) झालं की पाणी थेट एसबीआरच्या टाकीत, म्हणजे जिथे हवा मारणं आणि गाळ बसवणं एकाच टाकीत आळीपाळीने होतं. वाईट सल्ला नाहीये हा. मी एका शहरात जुन्या पद्धतीचा प्लांट चालवला, प्रायमरी, एरेशन (हवा मारायची टाकी), डायजेस्टर, गॅस इंजिन सगळं, आणि नंतर दुसरीकडे एसबीआरवर होतो, त्यामुळे दोन्हीचं दुखणं माहितीये.

आधी एसबीआरचं चांगलं बोलतो. जागा कमी, वास कमी, पीएलसीवर (कंट्रोलरवर) आपोआप चालतं. प्रायमरीत मात्र आपल्या उन्हाळ्यात रात्रपाळीला गाळ काढायचा राहिला की सकाळी काळे गोळे वर तरंगत असतात, आणि गुटख्याच्या पुड्या नि केसांच्या जटा स्लजच्या (गाळाच्या) पंपात अडकतात ते वेगळंच. डायजेस्टरच्या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिन खातो, तो गॅस धुणाऱ्या स्क्रबरकडे दुर्लक्ष केलं की संपलंच. शिवाय नायट्रोजन काढायचा असेल तर बॅक्टेरियाला कार्बन लागतो, तो प्रायमरीत जास्त काढून बसलात तर पुढे उपाशी, आणि आपलं सांडपाणी आधीच पातळ, पावसाळ्यात तर काय बोलायलाच नको.

मग एवढं असून माझं मन प्रायमरीकडे का? स्लजमुळे.

प्रायमरीत निव्वळ खाली बसून 50-60 टक्के सस्पेंडेड सॉलिड्स (पाण्यातले घन कण) आणि बीओडीचा (सेंद्रिय घाणीचं माप) साधारण तिसरा हिस्सा निघून जातो, हवा मारणाऱ्या ब्लोअरला हात न लावता. प्लांटच्या वीजबिलातला अर्धा वाटा तरी हवेचा असतो, तेव्हा हे फुकटात मिळाल्यासारखंच. पण खरी गंमत पुढे आहे. हा गाळ ताजा असतो, खाण्यासारखं बरंच काही शिल्लक असलेला. 35 डिग्रीला वीसेक दिवस ठेवला की त्यातलं निम्म्याहून जास्त सेंद्रिय गॅस होऊन जातं. एसबीआरचा स्लज म्हणजे बॅक्टेरियाचीच मढी, तीही हवा मारून मारून दमवलेली, पेशीची भिंत फुटता फुटत नाही, त्यामुळे त्याला डायजेस्टर जोडला तरी गॅस बेताचाच येतो. म्हणजे तिकडे वीज खर्चून जे जाळता त्यातूनच इकडे वीज मिळाली असती. ऑस्ट्रियातल्या स्ट्रासच्या प्लांटने कार्बन असाच आधी पकडून डायजेस्टरला घातला आणि 2005 पासून स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज काढली, अर्थात त्यांची शिस्त वेगळी.

आता माझं ठरलं ते कशावर, तर केकवर, म्हणजे पाणी काढल्यावर उरलेल्या गाळावर. एसबीआरच्या स्लजमधून पाणी सुटत नाही. सेंट्रिफ्यूजमधून केक म्हणून जे पडायचं ते खरं तर श्रीखंड, चक्कासुद्धा नाही. पॉली (पाणी सुटायला घालायचं पॉलिमर) वाढव, फीड कमी कर, डिफरेन्शियल स्पीड बदल, सगळं करून झालं. पॉलीच्या गोण्या महिना संपायच्या आत संपायच्या आणि नवीन पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) सही कोण करणार यावर आठवडा. जुलैत एकदा ट्रॉली भर रस्त्यात गळली, लोकांनी अडवून ठेवली, ड्रायव्हरचा फोन मला, साहेबांचाही मलाच. डम्पिंगवाल्यांनी दुसऱ्या दिवशी ओला माल घ्यायला नकार दिला. जुन्या प्लांटला डायजेस्ट झालेला मिक्स स्लज (प्रायमरीचा आणि एरेशनचा मिळून) असा त्रास देत नव्हता, फावड्याने उचलला जायचा. साधा हिशोब, तेवढ्याच कोरड्या मालाला 16 टक्क्यांचा (म्हणजे 16 टक्के कोरडा, बाकी पाणी) केक असेल तर 3 ट्रक, 24 चा असेल तर 2. टेंडरमध्ये ही ओळ कोणी बघत नाही, पण दर महिन्याला बिल हेच येतं.

प्लांट 5-7 एमएलडीचा असेल तर डायजेस्टरच्या नादी लागू नका असं मला वाटतं, भांडवल निघणार नाही आणि तो सांभाळणारा माणूसही मिळणार नाही. 30 ला मात्र मी प्रायमरी ठेवीन. जागेचं रडगाणं असेल तर फेरिक क्लोराइड टाकून क्लॅरिफायर लहान करता येतो, हाँगकाँगच्या स्टोनकटर्स आयलंडला 2001 पासून केमिकल प्रायमरी प्रचंड प्रमाणावर चालू आहे. फेरिकमुळे डायजेस्टरमधला सल्फाइडही बांधला जातो, पण स्लज वाढतो हे धरून चला. नायट्रोजनसाठी थोडं पाणी प्रायमरीला बायपास करायची लाइन ठेवा. आणि कन्सल्टंट ऐकतच नसेल तर निदान इनलेट आणि एसबीआरच्या मध्ये क्लॅरिफायरपुरती जागा आणि मीटरभर हेड (पाणी आपोआप वाहायला लागणारा पातळीतला फरक) तरी सोडायला लावा, एकदा लेव्हल फिक्स झाल्या की नंतर पंप लावूनच घुसवावा लागेल.