पहिल्यांदा खेळताय? एअरसॉफ्ट, पेंटबॉल की लेझर टॅग

पाऊस उघडून माळ वाळायला लागला की आमच्याकडच्या एका तरी ग्रुपवर निरोप येतोच: "एकदा ते बंदुकीचं खेळून येऊ." त्या 'बंदुकीचं'मध्ये तीन वेगळे खेळ असतात आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा तिन्हीतला फरक ठाऊक नसतो. मग बंदूक दिसते कशी, फोटो कसे येतील, यावर निवड होते. मी आधी एकच विचारतो: गोळी लागली की नाही, हे कोण ठरवणार? पेंटबॉलमध्ये रंग भरलेली गोळी फुटते आणि कपड्यावरचा रंग ठरवतो, लेझर टॅगमध्ये जाकिटातलं यंत्र ठरवतं. एअरसॉफ्टमध्ये मात्र ज्याला लागली त्यानेच हात वर करून "हिट" म्हणायचं आणि मैदानाबाहेर चालायला लागायचं.

नवख्याला हे किरकोळ वाटतं, पण सगळा खेळ त्यावरच उभा आहे. एअरसॉफ्टची गोळी म्हणजे ६ मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा मणी, वजन बहुधा ०.२० किंवा ०.२५ ग्रॅम. लागून खाली पडते, खूण काही ठेवत नाही. आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटमध्ये "कट लागलीच नाही" म्हणून बॅट न सोडणारा जो असतो, तो एअरसॉफ्टला नेला तर अर्धा तास भांडणातच जातो. "लागली की रे तुला!" "कुठं? माझ्या अंगालाबी शिवली नाही!" दोघांपैकी खरा कोण, हे सांगायला तिसरा कुणी नसतो. आणि लागणाऱ्याला खरंच कळलं नाही, असंही होतं. जाड जाकीट, पाठीवर बॅग, लांबून आलेली गोळी. एवढ्यात ती जाणवतही नाही.

पुण्याकडच्या एका गटात मी पाहुणा म्हणून खेळलो तेव्हा एक प्रौढ गृहस्थ झुडपामागून उठले, हात वर केला, खिशातला लाल रुमाल डोक्यावर टाकला आणि निघाले. त्यांना कुणाची लागली हे आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं. मला हा खेळ आवडला तो त्या क्षणापासून. असे चार-सहा जण तुमच्या ओळखीत असतील तर एअरसॉफ्टला तोड नाही. नसतील, तर पहिला खेळ पेंटबॉलचा करा.

पेंटबॉलमध्येही लबाडी होते म्हणा. माझ्या आतेभावाने मांडीवरचा रंग काळ्या मातीने घासून काढायचा प्रयत्न केला होता. रंग गेला नाहीच, वर चिखलाचा पट्टा उमटला आणि पंचाने दोन्ही बघितलं. १९८१ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात पहिला सामना झाला तो झाडं आणि गुरं रंगवून ओळखायच्या बंदुका घेऊनच. म्हणजे खूण उमटवणं हेच त्या यंत्राचं मूळ काम. रंग पाण्याने धुतला जातो; फक्त आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये ते पाणी कुठून आणायचं, हे आधी ठरवून जा.

आता दुखण्याचं. सगळ्यांना विचारायचं तेच असतं. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० फुटांनी सुटली तर तिची ऊर्जा साधारण १.१ ज्यूल भरते. पेंटबॉलची नेहमीची गोळी सुमारे ३ ग्रॅमची. सेकंदाला २८० फूट धरले तर जवळजवळ ११ ज्यूल, म्हणजे दहापट. पण पेंटबॉल मोठा असतो आणि फुटतो, त्यामुळे मार पसरतो. धपकन बसतो, दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसतं. एअरसॉफ्टची सुई टोचल्यासारखी चुणचुणते, उघड्या कातडीवर जवळून बसली तर लाल ठिपका राहतो. माझ्या मते पहिल्या दिवशी अंगावर बसलेला पेंटबॉल जास्त लक्षात राहतो, पण एअरसॉफ्टची गोळी दातावर बसली तर ती जन्मभर लक्षात राहील. म्हणून नुसता गॉगल चालत नाही, खालचा चेहराही झाकलेला हवा. नेहमीचा चष्मा किंवा मोटरसायकलचा गॉगल म्हणजे संरक्षण नव्हे. मार सहन करणाऱ्या, त्यासाठी प्रमाणित काचाच हव्यात.

लेझर टॅगमध्ये दुखायचा प्रश्नच नाही. बंदुकीतून अवरक्त किरण जातो, जाकिटावरचा सेन्सर तो टिपतो, आवाज होतो, विषय संपला. भांडणालाही जागा नाही. लहान मुलं, भाचे-पुतणे, वाढदिवस असं काही असेल तर दुसरा विचार करू नका. मोठ्यांना मात्र तासाभरात कंटाळा येतो. लागण्याची भीतीच नसेल तर कुणी आडोशाला बसत नाही, सगळे मोकळ्यात धावत सुटतात.

मराठवाड्यात उन्हाचा हिशेब वेगळा करावा लागतो. पेंटबॉलचं कवच जिलेटिनचं असतं. बेचाळीस अंशांत गाडीत ठेवलेल्या गोळ्या मऊ पडतात, एकमेकींना चिकटतात, नळीतच फुटतात, आणि मग पुढची प्रत्येक गोळी वाकडी जाते. लेझर टॅगचा सेन्सर भर उन्हात नीट टिपत नाही, संध्याकाळी उत्तम चालतो. गॅसवर चालणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकीत गरमीने दाब वाढतो, म्हणजे सकाळी मोजलेला वेग दुपारी खरा राहत नाही. बॅटरीवरच्या बंदुकीला ही अडचण नाही. आणि मुख्य गोष्ट घामाची. काच धुरकटते, समोरचं दिसेनासं होतं आणि माणूस नकळत मास्क वर करतो. सगळ्यात मोठा धोका तिथंच आहे. धुरकटली तर हात वर करा, "आउट" म्हणा, सुरक्षित जागेत जा, मगच मास्क काढा. एक डाव गेला तर गेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम समजा.

त्या हंगामातही कुसळं असतातच. मोजे सुती घातलेत तर घरी जाऊन तासभर वेचत बसाल. घोट्याच्या वर येणारे बूट, पूर्ण बाह्या, गळ्याभोवती गमछा, एवढं पुरतं. गवतात आडवं पडण्याआधी काठीने चाळवून घ्या. घोणस आपल्या खेळात नाही. उघड्या माळावर वारा असला की ०.२० ग्रॅमची गोळी वाहवत जाते, तिथं ०.२५ बरी. आणि एअरसॉफ्टच्या गोळ्या शेतात सोडून येऊ नका. 'बायो' लिहिलेल्याही मातीत लवकर विरत नाहीत.

स्वतःची बंदूक घ्यावी का? पहिल्या खेळाआधी तर अजिबात नाही, भाड्याने घ्या. एअरसॉफ्टच्या बाबतीत दुसरंही कारण आहे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये हवेच्या बंदुकांसाठी परवान्याची रेषा २० ज्यूल ताकद आणि ४.५ मिलिमीटर नळी अशी आखली आहे. एअरसॉफ्टची ताकद त्याच्या पासंगालाही नाही, पण गोळी ६ मिलिमीटरची आहे. शिवाय ती दिसते हुबेहूब खऱ्या रायफलीसारखी. ऑनलाइन "परवाना लागत नाही" असं लिहिलंय म्हणून मागवू नका, आधी जाणत्या वकिलाला विचारा. कुणाच्या शेतावर खेळायचं ठरलंच, तर मालकाबरोबर पोलीस पाटलांनाही कल्पना द्या. तुरीतून रायफल घेऊन वाकून चाललेली चार पोरं लांबून दिसली तर कुणीही ११२ लावेल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

मैदान ठरवताना फोनवर विचारायचं ते असं: मास्क पूर्ण चेहऱ्याचा देता का? बंदुकीचा वेग यंत्रावर मोजता का? पेंटबॉल असेल तर पैशात गोळ्या किती, आणि पुढच्या कितीला? (हे न विचारता गेलेला माणूस दुपारपर्यंत दुप्पट खर्च करतो.) मुलं असतील तर कमी माराच्या लहान गोळ्या आहेत का? पहिल्या प्रश्नाला "गॉगल देतो की साहेब" असं उत्तर आलं, तर बाकीचे विचारूच नका, दुसरीकडे फोन लावा.