कास्ट आयर्न बुलेट: नवे ऑइल सील, १७ दातांचं स्प्रॉकेट आणि एक पावसाळा

माझी बुलेट साडेतीनशे, कास्ट आयर्न इंजिनाची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. मागच्या हिवाळ्यात तिचं पुढचं स्प्रॉकेट (मागच्या चाकाकडे जाणारी चेन फिरवणारं दातेरी चक्र), चेन आणि डाव्या बाजूचे ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलले. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा कोल्हापूरच्या आसपास रोज चालवून झाली, म्हणून आता लिहितोय.

पहिली गोष्ट, ही दोन्ही कामं एकाच वेळी करा. आजच्या गाड्यांत झाकण काढलं की पुढचं स्प्रॉकेट समोर दिसतं. इथे ते क्लचच्याही मागे लपलेलं असतं. फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढायचं, मग मधल्या एकाच नटावर बसलेलं प्रायमरीचं (इंजिन ते क्लच या चेनच्या कप्प्याचं) झाकण, मग अल्टरनेटर, मग इंजिनचं स्प्रॉकेट आणि क्लच चेनसकट एकत्र, आणि सगळ्यात शेवटी आतली केस. पुढच्या स्प्रॉकेटचा नट उलट्या आट्यांचा आहे. हे माहीत नसलेला माणूस पान्याला पाइप लावून तो आणखी आवळत बसतो. एवढं उघडल्यावर क्रँकचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचा सील जुनाच ठेवणं मला पटत नाही. मजुरीपुढे सीलची किंमत काहीच नाही.

क्रँकचा सील गेला की जमिनीवर थेंब पडेलच असं नाही. इंजिन ऑइल कमी होतं, प्रायमरीतली पातळी मात्र वाढते, आणि क्लच घसरायला लागतो. माझ्या गाडीत हेच चाललं होतं. जुना सील हातात घेतला तर रबर कडक झालेलं, कडेला लवच उरली नव्हती. नवा बसवण्याआधी, ज्या गोल भागावर सीलची कड फिरते तिथे नख फिरवून पाहा. नख अडकलं तर तिथे खाच पडलेली आहे, आणि कितीही भारी सील घातला तरी तो टिकणार नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचा ब्रीदर, म्हणजे इंजिनातली दाबलेली हवा बाहेर सोडणारी वाट. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली (क्रँक फिरते त्या खालच्या भागातली) हवा दाबली जाते. ती ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडते आणि नळीच्या टोकाचं चपटं रबर ती परत आत येऊ देत नाही. ते रबर चिकटलं किंवा नळी तुंबली, की दाब सीलवर येतो. आमच्या मिस्त्रींनी सीलच्या आधी हेच बदललं. पावसाळाभर प्रायमरीतली पातळी जागची हलली नाही, याचं निम्मं श्रेय मी ब्रीदरला देतो. गिअरबॉक्समध्येही नुसतं पातळ ऑइल न भरता ग्रीस आणि ९० नंबरचं ऑइल मिसळून घातलं. तिथे अजून ओलसर डाग दिसतो, थेंब नाही. या वयाच्या गिअरबॉक्सकडून मला तेवढं पुरे आहे.

आता स्प्रॉकेट. मूळचं १६ दातांचं, मागे ३८. मी १७ घातलं. फरक साधारण सहा टक्क्यांचा, म्हणजे ताशी ८० च्या वेगाला इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे कमी घेतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुणे-बंगळूर हायवेवर हँडलची थरथर आणि पायातल्या मुंग्या खरोखर कमी झाल्या. स्पीडोमीटर चाकावरून चालतो, त्यामुळे त्याचं वाचन बदलत नाही.

घाटात मात्र किंमत मोजावी लागते. आंबा घाटात पूर्वी चौथ्यात ओढायची तिथे आता तिसरा लागतो, आणि मागे माणूस असेल तर तिसरा लवकर टाकावा लागतो. चारच गिअर असल्यामुळे तिसऱ्या-चौथ्यातलं अंतर जास्त जाणवतं. गगनबावड्याच्या चढाला तर मला १६ चीच आठवण येते. ज्यांचं कोकणात सारखं येणं-जाणं आहे त्यांनी १६ वरच राहावं, असं माझं स्पष्ट मत. माझा प्रवास सांगली-कराडकडे जास्त, म्हणून मी १७ ठेवलंय.

मागच्या स्प्रॉकेटचं दुखणं वेगळं. ते ब्रेक ड्रमला जोडूनच ओतलेलं असतं, दात झिजले की अख्खा ड्रम बदलायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुने दात लेथवर उतरवून बोल्टने नवी रिंग बसवून देणारे कारागीर आहेत. माझे दात सरळ होते, म्हणून ड्रम तोच ठेवला. दात हुकासारखे वाकले असतील तर त्यावर नवी चेन घालू नका, ती लवकर ताणते. चेन ताणताना चाक पूर्ण फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे इंचभर ढील ठेवा. पावसात मी दर आठवड्याला पुसून तेल देत होतो, आणि दिवाळीपर्यंत चेन एकदाच ताणावी लागली.