गोदामातले इंजिन की नव्याने घडवलेले?

जुने रॉकेट-तंत्रज्ञान पुन्हा वापरात आणायचे तर जपून ठेवलेले इंजिनच उडवायचे की ते समजून घेऊन नवे घडवायचे, हा निर्णय आधी करावा लागतो.

जपलेले इंजिन उडवण्यातला मोह मोठा असतो. सोव्हिएत चांद्ररॉकेट एन-1 च्या सुधारित आवृत्तीसाठी बनवलेली एनके-33 इंजिने प्रकल्प गुंडाळल्यावर नष्ट करण्याचा आदेश निघाला होता. त्यांचे रचनाकार कुझ्नेत्सोव्ह यांच्या कारखान्याने तो न पाळता ती ठेवून दिली. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या एरोजेट कंपनीने त्यांतली काही नगाला सुमारे 11 लाख डॉलर या, अक्षरशः भंगाराच्या वाटाव्यात अशा, दराने घेतली. कामगिरी उत्तमच होती. पण 2011 मध्ये चाचणीत एका इंजिनाच्या चाळीस वर्षे जुन्या धातूला तडा जाऊन केरोसीन गळले आणि आग लागली. पुढे ही इंजिने बसवलेल्या अंटारेस या अमेरिकी रॉकेटाची चार उड्डाणे यशस्वी झाली, आणि 28 ऑक्टोबर 2014 रोजी पाचवे रॉकेट टर्बोपंप (इंजिनात इंधन व ऑक्सिजन ढकलणारा पंप) फुटून तळाजवळच कोसळले. त्यानंतर अंटारेससाठी नवी रशियन इंजिने घेण्यात आली.

नव्याने घडवण्याचा मार्ग अमेरिकेच्या चांद्ररॉकेट सॅटर्न-5 च्या एफ-1 इंजिनाबाबत चाचपला गेला. त्याचे आराखडे हरवल्याची लोकप्रिय कथा खरी नाही. ते सूक्ष्मपटांवर सुरक्षित आहेत. कागदावर उतरले नव्हते ते वेल्डरांचे हात आणि प्रत्येक इंजिन जुळवताना केलेल्या बारीकसारीक तडजोडी. म्हणून हंट्सव्हिल येथील नासाच्या तरुण अभियंत्यांनी जुने इंजिन सुटे केले, भाग स्कॅन केले आणि जानेवारी 2013 मध्ये त्याचा गॅस जनरेटर (टर्बोपंप फिरवणारा भाग) पुन्हा पेटवून पाहिला. त्या अभ्यासाच्या आधारे कमी भागांच्या, अधिक सोप्या एफ-1बी इंजिनाचा प्रस्ताव आला. ते उडाले नाही, हे मान्यच. पण हाती आलेले ज्ञान वाया जाण्यासारखे नव्हते.

माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे, मात्र एका अपवादासह. नोव्हेंबर 2022 मध्ये नासाच्या आर्टेमिस-1 या चांद्रमोहिमेला उचलणारी चारही आरएस-25 इंजिने स्पेस शटलमधून आधी उडालेलीच होती. त्यांना नवे नियंत्रक बसवले गेले. आणि शटल 2011 पर्यंत उडत राहिल्याने ती हाताळणारी माणसे तेव्हा कामावर होती.