इन्फ्रारेड स्कॅनरच्या नावाखाली ३२,७०० रुपये घेतले, पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

कुणी "इन्फ्रारेड मॉडिफाइड फ्लॅटबेड, कस्टम कॅलिब्रेशनसकट" असं, म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसणाऱ्या उजेडात कागद वाचणारा काचेचा स्कॅनर म्हणून, विकत असेल तर आधी थांबा. एका विक्रेत्याने माझ्याकडून बुकिंगचे १०,००० घेतले, पार्सल टाकायच्या आधी १८,५०० आणि वरून "कॅलिब्रेशन चार्ज" म्हणून ४,२००. सगळं यूपीआयने. ताई ताई करत घेतले.

आमच्या घरी मोडी कागद आहेत. मूळ शाई काजळाची, त्यावर नंतर कुणी शिक्के मारलेत, निळ्या पेनाने आकडे टाकलेत, ओलीचे तपकिरी डाग वेगळेच. काजळ म्हणजे कार्बन, ते इन्फ्रारेडमध्ये काळंच राहतं आणि शिक्क्याची, बॉलपेनची शाई बहुतेक वेळा दिसेनाशी होते, डागही फिके पडतात. म्हणजे मी काही अशक्य मागत नव्हते. सीसीडीवाला (काचेपासून लांब, भिंगातून बघणारा सेन्सर असलेला) जुना स्कॅनर उघडून आतला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढतात, दिव्याच्या जागी ८५० नॅनोमीटरचे एलईडी लावतात, फोकस सरकतो तो परत जुळवतात. हे लोक खरंच करतात, म्हणून तर मी विश्वास ठेवला.

आता ज्या गोष्टीने अजून झोप लागत नाही ती सांगते. त्याने पाठवलेल्या नमुन्यात लाल शिक्का पूर्ण गायब होता, अक्षरं स्वच्छ. पण त्याच कागदावर कोपऱ्यात निळ्या पेनाची सही होती आणि ती आणखीच काळी झाली होती! लाल गायब आणि निळं काळं, हे साध्या रंगीत स्कॅनचं लाल चॅनल, म्हणजे फक्त लाल उजेडाचा भाग, वेगळं काढलं की होतं, त्याला इन्फ्रारेड लागतच नाही. मी विचारलं सुद्धा, सही का दिसते म्हणून. तर म्हणे "ताई, त्या पेनात कार्बन असतो." काही पेनांत असतोही, त्यामुळे उत्तर खोटं वाटलं नाही. कुणालाही पटलं असतं.

मशीन आलं. माझ्या कागदावरचे निळे आकडे ठार काळे. खालचे स्क्रू काढून बघितलं तर आत सीआयएसची पट्टी, म्हणजे लाल-हिरवे-निळे एलईडी आणि कागदाला चिकटून सेन्सर, फिल्टर काढायला आत होतंच काय? बदल शून्य. सॉफ्टवेअरमध्ये फक्त लाल चॅनल निवडून ठेवलेलं. आणि ४,२०० रुपयांचं कॅलिब्रेशन म्हणजे नाव बदललेली नेहमीची एसआरजीबीची आयसीसी फाइल, रंग जुळवायची तयार फाइल. रंगाचं प्रोफाइल इन्फ्रारेडला काय कामाचं! स्कॅनर सुरू होताना काचेच्या कडेखालची पांढरी पट्टी वाचून प्रत्येक पिक्सेल सारखा करतो, दिवा बदलला की खरं काम तिथे असतं, नाहीतर स्कॅनवर उभे पट्टे येतात. प्लंबरकडची टेफ्लॉन टेप थरावर थर लावून पांढरा संदर्भ घरी करता येतो, त्याला ४,२०० लागत नाहीत.

पोलीस ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, "वस्तू मिळाली ना? चालू होते ना?" मग फसवणूक कसली, दिवाणी दावा करा. मी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी ठेवून दाखवले, त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही, झेरॉक्स मशीन घ्यायचं होतं का असं विचारलं. अर्ज घ्यायला तयार नाहीत, घेतला तर पोच देईनात, साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ज्या ॲपवर जाहिरात होती ते म्हणतात व्यवहार ॲपच्या बाहेर झाला. म्हणजे सगळ्यांचे हात मोकळे आणि ३२,७०० माझे. चोराला नाव विचारायची कुणाची तयारी नाही, मला मात्र प्रत्येक टेबलावर जाब!

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मी तिथे अर्ज टाकतेय. चॅट डिलीट करू नका. फिल्म स्कॅनरचं इन्फ्रारेड चॅनल दाखवून कुणी विकत असेल तर ते आरपार उजेडावर चालतं, कागदाला उपयोग नाही. काचेपासून थोडी उचललेली वस्तू स्कॅन करून मागा, लगेच धूसर झाली तर आत सीआयएस आहे. दिव्याचा व्हिडिओ मागा, ८५० चा उजेड डोळ्याला जेमतेम लालसर दिसतो, पांढरा लख्ख पट्टा सरकत असेल तर फोन ठेवून द्या.

त्याची जाहिरात अजून चालू आहे, तोच लाल शिक्क्याचा नमुना, किंमत आता ३१,०००. कुणाला आली तर त्याला साध्या निळ्या बॉलपेनची एक रेघ ओढून तुमच्यासमोर व्हिडिओ कॉलवर स्कॅन करायला सांगा, आणि नंबर मला कळवा, तक्रारीला जोडायचाय.