स्टेरॉइड सुरू केल्यावर कोणती तपासणी: सीआरपी की ईएसआर?
पन्नाशी उलटलेल्या माणसाचे खांदे, कंबर, मांड्या सकाळी उठताना जखडतात. डॉक्टर पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका या दाहाच्या आजाराचं निदान करतात आणि रोज 12.5 ते 25 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होतं. दुखणं बहुधा काही दिवसांतच हलकं होतं. मग घरात विचारणा सुरू होते: रक्त परत कधी तपासायचं, आणि त्यात काय बघायचं?

औषध लागू पडलं का, हे लवकर कळायला हवं असेल तर सीआरपी करा. शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं हे प्रथिन यकृत तयार करतं, मुख्यतः इंटरल्युकिन-6 या दाहाच्या संदेशवाहकाचा निरोप आला की. स्टेरॉइडने तो निरोप क्षीण होतो आणि रक्तात आधीच असलेलं सीआरपी साधारण दर 19 तासांनी निम्मं होत जातं. उत्पादन एकदम थांबलं, तर लिटरमागे 80 मिलिग्रॅमचा आकडा चार दिवसांत 3 च्या खाली येईल. प्रत्यक्षात ते हळूहळू थांबतं, म्हणून आठवडा-दोन आठवडे धरावेत. दोन रिपोर्टांची तुलना करताना एकक नक्की बघा. एका लॅबने लिटरमागे आणि दुसरीने डेसिलिटरमागे आकडा दिला, तर दहापटीचा फरक पडतो आणि माणूस उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त होतो.

ईएसआर स्वस्त आहे, पण संथ. लाल पेशी तासाभरात नळीत किती मिलिमीटर खाली बसतात, एवढंच त्यात मोजतात. त्यांना एकमेकींना चिकटवणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन निम्मं व्हायला चारेक दिवस लागतात, तसंच काम करणाऱ्या आयजीजी प्रतिपिंडांना तीन आठवडे. शिवाय वयाने आणि रक्तक्षयाने हा आकडा चढतो, आणि रक्तक्षय आपल्याकडच्या बायकांमध्ये सर्रास असतो. पाचव्या दिवशी ईएसआर 60 दिसला, म्हणून औषध फसलं असं मुळीच नाही.

माझ्या मते गोळी सुरू होण्यापूर्वी दोन्ही करावीत, नंतर एकच परवडत असेल तर सीआरपी. टोसिलिझुमॅब हे औषध चालू असेल तर मात्र सीआरपीवर विसंबू नका. ते औषध इंटरल्युकिन-6 चीच वाट अडवतं, त्यामुळे आजार किंवा जंतुसंसर्ग असतानाही आकडा खालीच राहू शकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तर स्टेरॉइडनेच वाढतात, म्हणून त्यांवरूनही अंदाज बांधू नका. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.

नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा अंधुक दिसणं यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ही जायंट सेल आर्टरायटिसची, म्हणजे डोक्याकडच्या धमन्यांना दाह होण्याची, लक्षणं असू शकतात; त्याचा दाट संशय असेल तर स्टेरॉइड रिपोर्टची वाट न पाहता सुरू करतात, कारण गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.